वरून कोणी येतंय का?

बेलेमच्या बुरुजाच्या जिन्याला सिग्नल आहे. अंधेरीच्या नाक्यावर असतो तसा खरोखरचा, फक्त आकाराने लहान. हिरवा लागला की वर जायचं, लाल लागला की असाल त्या मजल्यावर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि वरच्यांना उतरू द्यायचं. जिना एकच, गोल, आणि इतका चिंचोळा की समोरून कोणी आलं तर दोघांतल्या एकाने मागे सरकल्याशिवाय सुटका नाही. मी दुसऱ्या मजल्यावर लाल दिव्यात अडकलो होतो. माझ्या मागे एक जर्मन कुटुंब, पुढे दोन कॉलेजातल्या पोरी, आणि सगळे शिस्तीत गप्प. मला मात्र वर्सोवा-मढ फेरीची जेट्टी आठवत होती. तिथेही नियम हाच आहे, उतरणारे आधी, चढणारे मागून. फक्त तो पाळायला दिवा नसतो, ओरडणारा माणूस असतो.

लिस्बनच्या कडेला तेझू नदी समुद्राला मिळते, त्या तोंडावर हा बुरूज. आम्ही दोघं तिथे गेलो ते भाचीच्या कृपेने. ती नेदरलँड्सला उत्रेख्तमध्ये नोकरी करते. "मामा-मामी, एकदा या," असं चार वर्षं म्हणत होती. मी निवृत्त झालो, हाताशी वेळ आला, तेव्हा तिने फोनवर विचारलं, "मामा, तुला काय काय बघायचंय?" मी म्हटलं, "जिथे जिथे वर चढू देतात ते सगळं." तिला वाटलं मामा थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. मी साठ वर्षं एका किल्ल्याच्या सावलीत राहिलोय आणि त्याच्या बुरुजावर आयुष्यात एकदाच पाय ठेवलाय, तोही चोरून.

तो किल्ला मढचा. पोर्तुगीजांनी तो सतराव्या शतकात बांधला. त्याला वर्सोव्याचा किल्लाही म्हणतात, कारण वर्सोव्याच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवणं हेच त्याचं काम. फेब्रुवारी १७३९ मध्ये, वसईच्या मोहिमेत, तो मराठ्यांकडे आला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे आणि परवानगीशिवाय आत जाता येत नाही, ते ठीकच आहे. सिनेमावाले मात्र परवानगी काढून येतात. गेल्या कित्येक वर्षांत त्या तटाखाली इतक्या मारामाऱ्या झाल्यात की पोर्तुगीज आणि मराठे मिळूनही तेवढ्या झाल्या नसतील. अशाच एका शूटिंगच्या दिवशी, मी दहाएक वर्षांचा असताना, तारा ओढणाऱ्या माणसांच्या पायांतून आत घुसलो आणि थेट वर गेलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला नुसता समुद्र. डोळ्यांत मावायच्या आत एकाने बखोट धरून खाली आणलं. मी कॅमेऱ्यात येत होतो म्हणे.

बाप तांडेल होता, होडीचा म्होरक्या. किल्ल्याच्या आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पाण्यातून परतताना किल्ला, एरंगळचं चर्च आणि माडांची रांग यांचा मेळ बसला की सुकाणू कुठे वळवायचं ते तो सांगायचा. आमच्यासाठी किल्ला ही बाहेरून बघायची वस्तू, तीही होडीतून. पुढे नोकरीला फोर्टात लागलो तर तिथे राजाबाई टॉवर. १८७८ पासून उभा, उंची ८५ मीटर, आणि जिना सर्वसामान्यांना बंद. तोही मान वर करूनच पाहिला. आपल्याकडे पायऱ्या चढायच्या त्या देवीच्या. जीवदानीच्या, एकवीरेच्या. बायकोने तर हा नियम युरोपभर पाळला. प्रत्येक मनोऱ्याखाली आली की ती विचारायची, "वर देवी हाय का? नाय ना? मग मी खाली बसते. तुम्ही जाऊन या."

तर बेलेम. हिरवा लागला, मी वर गेलो, वाऱ्याने टोपी उडाली, फोटो काढले. वरून जे दिसतं ते सुंदर आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. नदी, पूल, पांढरी शिडं. एवढं मात्र खरं की भारताकडे येणारी जहाजं ह्याच किनाऱ्यावरून सुटायची. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला, तेव्हा हा बुरूज जेमतेम पंधरा वर्षांचा होता. म्हणजे आमच्या खाडीवर ज्यांनी पुढे पहारा बसवला, त्यांच्या आज्या-पणज्यांनी ह्याच बुरुजाकडे बघत माणसं रवाना केली असणार.

मी रमलो तो खालच्या गच्चीवर. तिथून बुरुजाच्या कमरेभोवती दगडात कोरलेला जाड दोर दिसतो. पोर्तुगालच्या त्या काळच्या इमारतींवर असे दोर, गाठी, नांगर ठायी ठायी आहेत. राजा मानुएलच्या नावाने ती शैली ओळखतात. गाइड लोक 'सागरी साम्राज्याचं प्रतीक' वगैरे सांगत होते. मी पीळ बघत होतो. पीळ शेवटपर्यंत एकाच बाजूचा होता, कुठे उलटा गेला नव्हता. ताण पडल्यावर दोर जिथे फुगतो तिथेच दगड फुगवला होता आणि गाठीपाशी दोर दबतो तसा दबवला होता. ज्याने जाळ्याला दोर कधी लावलाच नाही त्याला हे जमणार नाही. एक तर तो पाथरवट कोळ्याच्या घरचा असला पाहिजे, नाही तर कोळ्याला शेजारी बसवून त्याने काम केलं असलं पाहिजे. बाप असता तर त्याने आधी ती गाठ सोडून बघायचा प्रयत्न केला असता.

तिथेच एका टेहळणीच्या घुमटीच्या बुडाशी गेंड्याचं डोकं आहे. आता झिजून वाळक्या पावासारखं झालंय, पण आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीजांचा भारतातला गव्हर्नर आल्बुकर्क याला भेट दिलेला गेंडा मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला, तेव्हा ह्या बुरुजाचं बांधकाम चालू होतं. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूररने तर न पाहताच, ऐकीव वर्णनावरून त्याचं चित्र काढलं आणि तेच पुढे शेकडो वर्षं खरं मानलं गेलं. राजाने तो पोपला नजराणा म्हणून पाठवला, जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडालं आणि साखळदंडात बांधलेला गेंडा बुडाला. आपल्या बाजूचं कोणी तरी ह्या बुरुजावर चढून बसलंय, तिकिटाशिवाय, हे मी खाली येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बांधलं नसतं तर पोहला असता बिचारा."

बेलेमनंतर मला छंदच लागला. प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर पायऱ्यांचा आकडा लिहायचा. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटाच्या ४६३, उत्रेख्तच्या डोमटॉवरच्या ४६५, व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३. गुडघे म्हणायचे पुरे. तरी आकडे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात यायला लागली, की मला वरच्या देखाव्यापेक्षा पायऱ्यांच्या मधोमध पडलेले खळगे जास्त ओढतायत. दगडाच्या पायरीला मधे वाटीसारखा खळगा पडायला किती पाय लागत असतील? आणि ते पाय माझ्यासारख्या हौशी माणसांचे नव्हेत. तिकिटाची ही हौस त्या दगडांच्या मानाने परवाची. त्याआधी वर जाणारा माणूस कामावर जात होता. घंटा वाजवायला, घड्याळाला किल्ली द्यायला, आग लागलीय का बघायला. शिव्या देत जात असेल. पावसात जात असेल. आमच्याकडे पहाटे तीनला होडीवर जातात तसा.

फ्लॉरेन्सला हे सगळ्यात जास्त जाणवलं. तिथला घुमट वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये उभारला, जमिनीपासून लाकडी आधार न देता. घुमट एक नाही, दोन आहेत, एकात एक. आणि वर जायची वाट त्या दोघांच्या मधून. म्हणजे तुम्ही घुमटाच्या पोटात असता, आतली भिंत छातीवर येते आणि बाहेरची पाठीवर. पायऱ्या जसजशा वर जातात तसतसं अंगही भिंतीबरोबर कलायला लागतं. विटा माशाच्या काट्यासारख्या आडव्या-उभ्या गुंफल्यात, एकीने दुसरीला धरून ठेवलंय. त्याचा चरित्रकार वासारी याने लिहून ठेवलंय की कारागीर जेवायला आणि प्यायला खाली उतरण्यात वेळ घालवतात म्हणून ब्रुनेलेस्कीने वरच खानावळ थाटली. लोक ही गोष्ट त्याच्या हुशारीची म्हणून सांगतात. मला ती कारागिरांच्या बाजूने ऐकू आली. दुपारचं तेवढंच जमिनीवर येणं होतं, तेही गेलं. डोलीच्या जाळ्याला गेलेल्या माणसाला जसं होडीवरच कालवण-भात खावा लागतो, तसं त्यांचं झालं असणार. फक्त ह्यांची होडी हवेत.

उत्रेख्तचा मनोरा भाचीच्या घराच्या खिडकीतून दिसायचा. ११२ मीटर, आणि चर्चपासून तुटलेला, एकटा. मधला भाग १६७४ च्या १ ऑगस्टला वादळात कोसळला तो पुन्हा कोणी बांधला नाही. आता त्या जागेत चौक आहे आणि लोक सायकली लावतात. इथे एकट्याने चढू देत नाहीत, वाटाड्या बरोबर असतो. त्याने १५०५ साली ओतलेली आठ टनांहून जड घंटा दाखवली आणि तिला हात लावू दिला नाही. बाकी उत्रेख्तला आम्ही भाचीच्या हातचे बांगडे खाल्ले. ते आपल्याकडच्यापेक्षा चरबट असतात, चवीला बरे.

क्राकूवला मात्र बायको फसली.

पोलंडच्या ह्या जुन्या शहरात मोठा चौक आहे आणि चौकाच्या कोपऱ्यात सेंट मेरी चर्च. त्याला दोन मनोरे, एक उंच, एक बुटका. उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते. दिवसा, रात्री, बर्फात, लग्नसराईत, दर तासाला. चार खिडक्यांतून चार दिशांना, चार वेळा तीच सुरावट. एक राजासाठी वावेलच्या किल्ल्याकडे, एक नगरपालिकेसाठी, एक वेशीतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आणि एक अग्निशमन दलाच्या ठाण्याकडे. वाजवणारे स्वतः अग्निशमन दलाचे जवान. पूर्वी आग आणि शत्रू बघायला वर पहारेकरी असे, त्याचीच ही नोकरी चालत आलीय. शहराच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख १३९२ पासूनचा आहे.

बाराला दहा मिनिटं असताना आम्ही चौकात पोचलो. बायको बाकावर बसली, मी जिना चढायला लागलो. पायऱ्या पावणेतीनशेच्या आसपास, आधी दगडी बोळ, मग लाकडी, कुरकुरणाऱ्या, मधून खाली पोकळी दिसणाऱ्या. मी वर पोचलो तेव्हा गणवेशातला एक तरुण माणूस खिडकीपाशी उभा होता. आपली पितळी तुतारी त्याने रुमालाने पुसली, घड्याळ बघितलं, खिडकी उघडली. शिंगाचा नाद मला ठाऊक आहे, लग्नात वाजतं ते. हा त्याहून पातळ, सरळ, आणि वर चढता चढता मधेच तुटला. सूर संपला नाही, तुटला. दोर कापल्यासारखा. त्याने तुतारी खाली केली, खिडकीतून बाहेर हात हलवला आणि पुढच्या खिडकीकडे गेला. पुन्हा तीच सुरावट, पुन्हा त्याच जागी तुटली.

खाली आलो तर बायकोचा चेहरा खुललेला. "त्यानं मला हात केला," म्हणाली. मी सांगितलं, तो सगळ्यांनाच करतो, रोज करतो. "सगळ्यांना करत असेल. पण मी पण केला ना! मग पुन्हा केला." तुटलेल्या सुराचं तिचं म्हणणं वेगळंच होतं, "ठसका लागला बिचाऱ्याला. चारही वेळा लागला."

आख्यायिका अशी, की १२४१ मध्ये तातार चालून आले, पहारेकऱ्याने इशारा द्यायला तुतारी फुंकली आणि त्याच्या गळ्यात बाण लागला. तो जिथे थांबला तिथे अजून सूर थांबतो. गोष्ट अंगावर काटा आणते. पण ती जगभर पसरली एरिक केली नावाच्या अमेरिकन लेखकाच्या १९२८ सालच्या पुस्तकातून, आणि जुन्या कागदांत तिचा पत्ता नाही. मला त्याने काही बिघडलं असं वाटलं नाही. गोष्ट नवी असेल, माणूस जुना आहे. १९२७ पासून दुपारी बाराची तुतारी पोलिश रेडिओवरही ऐकवतात. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ मध्ये आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. पंचगंगेच्या काठच्या दुपारी, बारा वाजता, त्यांच्यातल्या एखाद्या म्हातारीच्या कानात हा अर्धा सूर वाजत असेल का, असं मी उगाच रात्रीच्या गाडीत झोप येईपर्यंत घोळवत राहिलो.

व्हिएन्नाला सेंट स्टीफनच्या दक्षिण मनोऱ्यात, ३४३ पायऱ्या संपतात तिथे, पहारेकऱ्यांची खोली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे आगीवर नजर ठेवणारे बसत. आता तिथे वस्तूंचं दुकान. मी एक लहानशी घंटा घेतली, वाजत नाही. खरी घंटा उत्तरेच्या मनोऱ्यात, पुमेरिन तिचं नाव, आणि तिच्यापर्यंत लिफ्ट जाते. बायको आली. वीस टनांचं ते धूड बघून ती पहिल्यांदा गप्प झाली.

पुमेरिनची हकिकत अशी. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा दिला, तो मोडला, आणि पळताना त्यांनी टाकलेल्या तोफा वितळवून १७११ मध्ये घंटा ओतली. एप्रिल १९४५ मध्ये चर्चला आग लागली, घंटा खाली कोसळून फुटली. तिचेच तुकडे घेऊन १९५१ मध्ये नवी ओतली. वर्षाच्या शेवटच्या रात्री बाराला ती वाजते आणि सगळा ऑस्ट्रिया ऐकतो. जाळीला धरून मी बायकोला हे सांगत होतो, आणि सांगता सांगता जीभ अडखळली. कारण ही आपली गोष्ट आहे, फक्त उलटी.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा मराठ्यांनी चर्चच्या घंटा उतरवल्या. वितळवल्या नाहीत. हत्तीवरून, गाड्यावरून घाटावर नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावरची, १७२१ सालची. भीमाशंकरची, १७२९ ची. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याखाली कृष्णेच्या घाटावरची, १७०७ ची, जिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी अजून ठसठशीत आहे. मेणवलीची घंटा मी दोनदा पाहिलीय आणि दोन्ही वेळा एवढंच वाटलं होतं, की किती मोठी. ती कुठून उतरवली, त्या जागी आता काय आहे, हा प्रश्न डोक्यात यायला मला व्हिएन्नाची लिफ्ट चढावी लागली.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी, गुडघ्यांची सूज उतरल्यावर, एका सकाळी मी २७१ नंबरच्या बसने मालाडला गेलो आणि तिथून वसई रोड. वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफचं पडकं चर्च आहे. दारावरच्या शिळेवर १६०१ साल आणि गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांचं नाव. छप्पर नाही, आत गवत. पण मनोरा उभा आहे, आणि त्या दिवशी जिन्याचं दार उघडं होतं. तिकीट नाही, दिवा नाही. दगडी गोल जिना, बेलेमचाच सख्खा भाऊ. तोच चिंचोळेपणा, वळणावर तोच अंधार, हाताला तोच ओलसर गारवा. फक्त ह्याला वटवाघळांचा वास. पायऱ्यांच्या मधे खळगे होते. मी त्यात पाय ठेवून मोजायला लागलो.

तेविसाव्या की चोविसाव्या पायरीला वर चपलांचा आवाज आला. मोजणी तिथेच राहिली. मी भिंतीला पाठ लावली आणि ओरडलो, "वरून कोणी येतंय का?"

जरा वेळ काहीच नाही. मग वळणापलीकडून एक पोरगी हसत म्हणाली, "काका, थांबा जरा, आम्ही चौघं आहोत. आधी आम्हाला उतरू द्या."